पोळीवरचा आशीर्वाद

बुधवारी सकाळी सिद्धम्मानं चहाचा कप नवऱ्याच्या, मन्मथअप्पांच्या, पेपरवर ठेवला. म्हणजे बातमीवरच ठेवला. आणि म्हणाली, "रविवारी चाराच्या गाडीनं मी सोनपेठला भावाकडं जायलेय. सदतीस वर्षं या घरात रांधलं. जेवल्यावर दोन शब्द बोलायला ज्या दिवशी शिकताल, त्या दिवशी फोन करा. तवर खानावळीचा डबा लावा."

"कोणते दोन शब्द?" अप्पांनी विचारलं.

हे त्यांनी विचारायला नको होतं. माळ्यावरची बॅग खाली आली ती त्या प्रश्नामुळंच.

आता अप्पांचीही बाजू ऐकून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस दगड आहे. अप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. आयुष्यभर 'सादर', 'मंजुरीस्तव' आणि 'पुढील कार्यवाहीसाठी' यापलीकडं काही लिहिलं नाही. कौतुकाचा शेरा मारायचा अधिकार हेडक्लार्कला नसतोच, तो वरच्या साहेबांना. तीच सवय घरात आली. घरातले वरचे साहेब कोण, हा प्रश्न सदतीस वर्षं प्रलंबित होता, एवढंच.

"मी ताट धुऊन पाणी पितो," अप्पा म्हणाले. "कणसुद्धा ठेवत न्हाई. याच्याहून मोठी पावती कोणती?"

खरंही होतं. अप्पांचं घराणं लिंगायत. गळ्यात लिंग, आणि ताटातलं अन्न म्हणजे शिवाचा प्रसाद. शेवटी ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. पण सिद्धम्मानं लगेच तोडलं.

"ते शिवासाठी. कारल्याच्या भाजीचं ताटबी तसंच धुता, आन् श्रीखंडाचंबी तसंच. मला कसं कळावं?"

फाईल अडकली.

अप्पा शेजारच्या भुजंगाकडं गेले. भुजंगाचं किराणा दुकान. तेल-मिठापेक्षा सल्ला जास्त खपायचा तिथं, कारण तो फुकट होता.

"अप्पा, सोप्पंय की," भुजंग म्हणाला. "आज जेवल्यावर म्हणून टाका, 'लय झ्याक झालंय.' हाय काय त्याच्यात!"

"सदतीस वर्षांनी अचानक म्हणलं तर संशय येतो बाबा. ती म्हणंल, कामून? काय करून आलाव?"

भुजंगानं विचार केला आणि मान हलवली. त्याचंही लग्न झालेलं होतं.

त्याच दुपारी अप्पा रेल्वे स्टेशनसमोरच्या टपरीवर बसले होते. पूर्णा गावात रिटायर माणसाला दुपारी जायला दोनच जागा, एक ही टपरी आणि दुसरी दवाखाना. बाकावर झिराडकर डबा खात होते. हनोख झिराडकर, सिग्नलचे इंजिनिअर, दोन महिन्यांच्या कामासाठी आलेले. अलिबागकडचे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलणारे. शनिवारी काम बंद ठेवायचे आणि धंदा तेलाच्या घाण्याचा, म्हणून जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणायची. हे अप्पांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचंच.

झिराडकरांनी पोळी-भाजी संपवली, बोटांच्या टोकांवर पाणी घेतलं आणि मान खाली घालून पुटपुटायला लागले. एक मिनिट झालं, दोन झाली. चहावाला "साहेब, चहा" म्हणाला तरी बोलले नाहीत. चार मिनिटांनी मान वर केली.

"तब्येत बरी हाय ना?" अप्पांनी विचारलं.

"बरी आहे की! जेवणानंतरचे आभार मानत होतो. आमच्यात ते करावंच लागतं. पोट भरून जेवलास तर देवाचे आभार मान, असं शास्त्रातच लिहिलंय."

"करावंच लागतं?" अप्पा सरकून बसले. "म्हंजे चुकवता येत न्हाई?"

"नाही."

"आन् दुसऱ्याच्या घरी जेवलाव तर?"

"मग तर वरून त्या घराला आशीर्वाद द्यायचा. यजमान, त्यांची पत्नी, मुलंबाळं, सगळ्यांचं नाव काढून."

"मोठ्यानं?"

"निदान स्वतःच्या कानाला ऐकू यायला पाहिजे."

"आन् मराठीत?"

"आपल्याला समजेल त्या भाषेत चालतं. हिब्रूच पाहिजे असं नाही."

अप्पांनी आकाशाकडं बघितलं. इतकी वर्षं खात्यात काढली पण टेंडर न काढता असं काम हातात आलं नव्हतं. कायद्यानं आभार मानायला बांधलेला माणूस! शाकाहारी घर, त्यामुळं त्याच्या खाण्यापिण्याच्या नियमांचीही तकलीफ नाही. झिराडकर म्हणाले, नवी पत्रावळ दिली की झालं. अप्पांनी शुक्रवारचं दुपारचं जेवण ठरवलं आणि मनातला हेतू मनातच ठेवला. हीच पहिली चूक.

घरी येऊन म्हणाले, "शुक्रवारी रेल्वेचे इंजिनेर साहेब येणारेत. जेवण अस्सल आपल्याकडचं कर."

ही दुसरी.

सिद्धम्मा रुसली होती, पण पाहुणा म्हटल्यावर तिच्या हाताला रुसता येत नाही. शुक्रवारी तव्यावरून थेट पानात पडणारी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, लसणाची फोडणी दिलेलं वरण आणि दही. पत्रावळ अडणीवर, म्हणजे ताट ठेवायच्या तीन पायांच्या तिवईवर. झिराडकरांनी चार भाकरी खाल्ल्या. चौथीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचं होतं, पण अप्पांनी ते भावनेच्या खात्यात टाकलं. भुजंग 'हळद संपली का बघायला' म्हणून आला आणि दाराशी बसून राहिला.

जेवण झालं. अप्पांनी घसा खाकरला, सिद्धम्माला खूण केली, थांब म्हणून. झिराडकरांनी मान खाली घातली, दोन ओळी पुटपुटल्या आणि हात धुवायला उठले.

"बस्स?" अप्पा ओरडलेच.

"काय झालं?"

"परवा चार मिनटं लागली व्हती! टपरीवरल्या पोळीला चार मिनटं, आन् आमच्या घरच्या जेवणाला दोन वळी?"

झिराडकर गोंधळले. "अप्पा, ते भाकरीमुळं. लांब आशीर्वाद गव्हाच्या पोळीवर असतो. गहू, जव, अशी पाच धान्यं आहेत. ज्वारी त्यात येत नाही. भाकरीला छोटा आशीर्वाद."

भुजंगानं हळूच पाय आत ओढून घेतले.

"म्हंजे," सिद्धम्मा चुलीसमोरून म्हणाली, "अख्खा परभणी जिल्हा ज्या भाकरीवर उभा हाय, ती तुमच्या हिशेबी जेवण न्हाईच?"

"वहिनी, तसं नाही. आमच्याकडं तांदळाची भाकरी असते, तिलाही तेवढंच. माझी आजी रोज यावरून आजोबांशी भांडायची."

"शहाणी व्हती बाई," सिद्धम्मा म्हणाली आणि तवा असा ठेवला की भांड्यांनीही अंग चोरलं.

रात्रीपर्यंत बॅगेत आणखी दोन लुगडी गेली.

अप्पांनी तिथंच शहाणपणा केला असता तर गोष्ट संपली असती. पण अर्ज नामंजूर झाला की त्रुटी दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा, ही खात्याची शिकवण. शनिवारी झिराडकर कुठं जात नव्हते. उरला रविवार. अप्पा शुक्रवारीच त्यांना गाठून म्हणाले, "साहेब, परवा पुन्हा या. पोळ्या असतील. आन् एक इनंती, आशीर्वाद मराठीत, मोठ्यानं, आन् चुलीकडं तोंड करून."

"पूर्वेकडं की पश्चिमेकडं?"

"चुलीकडं."

झिराडकर भला माणूस. हसला आणि हो म्हणाला.

सिद्धम्मालाही पटवणं सोपं नव्हतं. शेवटी कामाला आलं ते भुजंगाचं वाक्य. तो म्हणाला, "काकू, भाकरीचं ऱ्हाऊ द्या, पण तुमची पोळी काय असती ते त्यांना कळायला पाहिजे का न्हाई?" सिद्धम्मानं कणीक मळली. चाराची गाडी मात्र कायम होती.

रविवार. दीड वाजता पान वाढलं. पदर सुटलेल्या पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी, शेवयाची खीर. झिराडकरांनी पेल्यानं दोन्ही हातांवर पाणी ओतलं, काहीतरी म्हटलं, आणि मीठ लावून पोळीचा पहिला घास खाल्ला. अप्पांनी दाराशी येऊन बसलेल्या भुजंगाकडं बघितलं. आज कागदपत्रं पूर्ण होती.

तीन पोळ्या झाल्या. झिराडकर थांबले. पानाच्या कडेला पोळीचा एक तुकडा शिल्लक.

सिद्धम्माची नजर त्या तुकड्यावर. या घरात पानात तुकडा टाकून उठणं म्हणजे स्वयंपाकाच्या तोंडावर नापसंतीचा शेरा. तिनं मुकाट्यानं आणखी अर्धी पोळी आणि भाजी वाढली. पोळी कोरडी लागली असेल म्हणून. झिराडकरांनी ती खाल्ली. तुकडा ठेवला. तिनं आणखी वाढली. त्यांनी खाल्ली. तुकडा ठेवला. पाचव्या फेरीला झिराडकरांचा चेहरा स्टेशनवरच्या लाल दिव्यासारखा झाला. हातानं नको म्हणावं तर बाई वाढतच होत्या, न खावं तर अपमान.

सिद्धम्मानं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. "पोळी बी आवडली न्हाई तर."

हे भुजंगाला सहन झालं नाही. तो पुढं झाला, तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "संपलं काकू! काय बी ऱ्हायलं न्हाई!"

"अहो!" झिराडकर कळवळले. "तो ठेवायचाच असतो!"

मग उलगडा झाला. ज्यूंच्यात आभार मानेपर्यंत पानावर थोडी तरी पोळी राहू द्यायची. देवानं दिलं ते पोटभर झालं आणि वर उरलं, हे दिसायला पाहिजे.

"आमच्याकडं उरू देत न्हाईत, तुमच्याकडं संपू देत न्हाईत," सिद्धम्मा म्हणाली. "देवानं एकदा दोघांना समोरासमोर बसवून ठरवायला पाहिजे व्हतं." पण तिचा आवाज मऊ झाला होता. तिनं स्वतः एक तुकडा मोडून पानाच्या कडेला ठेवला.

"वहिनी, आणखी एक. ती सुरी जरा नजरेआड कराल?"

सिद्धम्मा लिंबू कापत होती. "मी काय मारायलेय का तुमाला?"

"नाही हो, रीत आहे. पोळीपाशी शांतता हवी, हत्यार नको म्हणतात."

सुरी गेली. बोटांवर पाणी झालं. झिराडकर सरळ बसले, चुलीकडं तोंड केलं, डोळे मिटले, तोंड उघडलं.

आणि फोन वाजला.

मोठे साहेब पाहणीला आले होते. उद्या येणार होते, ते आजच आले. साहेब लोकांचं हे एक दुखणं सगळ्या खात्यांत सारखंच. झिराडकर उभे राहिले.

"अप्पा, मी येतो परत. जिथं जेवलो तिथंच बसून म्हणावं लागतं. अन्न जिरायच्या आत. बाहत्तर मिनिटं धरतात."

मोटरसायकल गेली. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे मुदत तीन सतरापर्यंत. आणि सिद्धम्मा साडेतीनला घर सोडणार.

पावणेतीन झाले. झिराडकर आले नाहीत. सिद्धम्मानं पान उचललं, जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि बॅगेची चेन लावली. अप्पांनी ती चेन ऐकली आणि स्कूटरला किक मारली. भुजंग मागं बसला, न सांगताच.

झिराडकरांच्या ऑफिसच्या दारात एक गृहस्थ नोंदवही घेऊन बसले होते. अप्पांनी त्यांना बघितलं आणि इथून लवकर सुटका नाही हे ओळखलं, कारण चाळीस वर्षं आपण स्वतः असेच बसलो होतो.

"नाव?"

"मन्मथअप्पा. घाई हाय."

"घाईचा रकाना न्हाई. भेटीचं कारण?"

"आभार."

"कोणाचे?"

"देवाचे. जेवणाबद्दल."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडं कार्यालयीन, खासगी आन् तक्रार असे तीन प्रकार हायेत. आभार कशात बसवू?"

अप्पांच्या आतला हेडक्लार्क जागा झाला. क्षणभर त्यांनाही तो प्रश्न रास्त वाटला. मग घड्याळ दिसलं, तीन वाजून एक. "तक्रार लिहा!" अप्पा म्हणाले. "बायकोची हाय. सदतीस वर्षांपासून प्रलंबित."

गृहस्थांनी अप्पांकडं नीट बघितलं, वही मिटली आणि म्हणाले, "जा आत. आमच्या घरीबी चालूच हाय."

साहेब नुकतेच गेले होते. झिराडकर हेल्मेट शोधत होते. "निघतच होतो! पण वेळेत नाही जमलं तरी काळजी नको. जवळ पोळी असली तर इथंच एक घास खाऊन इथंच म्हणता येतं."

भुजंगानं खिशातून कागदात गुंडाळलेली पोळी काढली. "म्हणलं अडचण नको! आणलीच व्हती मी."

अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की पोळी आपोआप खिशात गेली.

"साहेब," अप्पा म्हणाले, "इथं म्हणून फायदा न्हाई. ती इथं न्हाई."

झिराडकरांनी त्यांच्याकडं बघितलं. आता त्यांना सगळं कळलं. ते हेल्मेट न घालताच निघाले, मग परत येऊन घालून निघाले.

तीन तेराला तिघं घरात शिरले. आणि बघतात तर काय, जिथं अडणी होती, नेमकं तिथंच सिद्धम्माची बॅग उभी होती. वर पर्स, वर पाण्याची बाटली.

"वहिनी," झिराडकर घाम पुसत म्हणाले, "मला याच जागेवर बसायचंय."

सिद्धम्मानं बॅग उचलली आणि भिंतीकडं सरकवली.

झिराडकर बसले. तुकडा पुन्हा ठेवला गेला. डोळे मिटून ते म्हणू लागले, मराठीत, मोठ्यानं, चुलीकडं तोंड करून. "साऱ्या जगाला दयेनं अन्न देणाऱ्या देवा, तुझे आभार. तुझ्यामुळं आम्हाला कधी अन्नाची कमी पडली नाही, आणि न पडो..."

"चूल कोण पेटवतंय ते सांगा की त्याला," सिद्धम्मा म्हणाली.

झिराडकरांनी डोळे न उघडता बोट वर केलं. मधे बोलायची मनाई. पुढं जमिनीबद्दल आभार झाले, यरुशलेमची आठवण झाली. भुजंग हात जोडून उभा होता. नेमके केव्हा हात जोडायचे हे कळत नव्हतं म्हणून त्यानं पहिल्यापासूनच जोडले होते. अप्पा प्रत्येक वाक्यानंतर सिद्धम्माच्या तोंडाकडं बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"...आणि ज्या घरात मी जेवलो, त्या घरच्या यजमानाला, आणि जिच्या हातचं मी खाल्लं त्या सिद्धम्मावहिनींना, त्यांच्या लेकरांना, त्यांचं जे काही आहे त्या सगळ्याला बरकत दे. त्यांच्या हाताला यश दे. त्यांना कधी कुणापुढं मान खाली घालायला लागू नये. आमेन."

सिद्धम्मानं पदर डोळ्यांना लावला. अप्पांनी सुस्कारा सोडला. काम फत्ते.

"तुमच्या घरी असताना काय म्हणता?" सिद्धम्मानं विचारलं.

"घरी? घरी 'मला आणि माझ्या बायकोला बरकत दे' म्हणतो."

"रोज?"

"पोळी खाल्ली की रोज. एकवीस वर्षं झाली." आणि मग भला माणूस जे करतो तेच झिराडकरांनी केलं. सगळं खरं सांगून टाकलं. "वहिनी, अप्पांनी किती धावपळ केली! मराठीत म्हणा, मोठ्यानं म्हणा, चुलीकडं बघून म्हणा. आत्ता तर ऑफिसच्या वहीत बायकोची तक्रार लिहा म्हणाले, मला आतून ऐकू आलं."

सिद्धम्मा सावकाश अप्पांकडं वळली.

"म्हंजे माझ्या स्वैपाकाला चांगलं म्हणायला तुमी माणूस लावला?"

अप्पा घड्याळाकडं बघायला लागले.

"टपरीवर गेलाव, दोनदा जेवायला बोलावलाव, ऊन डोक्यावर घेऊन ठेसनावर गेलाव, वहीत नाव लिवलाव. पण सोताचं तोंड उघडायला गेलाव न्हाई!" आणि ती हसायला लागली. हसताहसता तिनं बॅग पुन्हा उचलली. "भुजंगा, रिक्षा बघ. तीन पंचवीस झाले."

भुजंग हलला नाही. त्यानं अप्पांना कोपरानं ढोसलं. अप्पांनी घसा खाकरला. तोंड उघडलं आणि मिटलं.

"अप्पा, बसा," झिराडकर हळूच म्हणाले आणि जागेवरून उठले. "आभार बसून मानायचे असतात. उभ्यानं म्हटलं की निघायची घाई दिसते."

अप्पा त्या पुसलेल्या जागेवर बसले. समोर पोळीचा तुकडा. त्याच्याकडंच बघून बोलायला लागले, आणि आवाज ऑफिसातला आला.

"लग्नानंतरचं पहिलं पिठलं. गुठळ्या झाल्या व्हत्या. तू रडलीस आन् मी काही बोललो न्हाई. त्या गुठळ्या मला आवडल्या व्हत्या."

सिद्धम्मानं बॅग हातातच धरली.

"मग येलदरीला बदली झाली. धरणावरल्या क्वार्टरात लाकडं वल्ली. आठ दिवस पाऊस. तू फुकून फुकून डोळे लाल केलीस आन् मला रोज ताजी भाकर दिलीस. त्या भाकरीला धुराचा वास व्हता. अजून नाकात हाय."

"मग?" सिद्धम्मा म्हणाली.

"बाप गेले त्या दिवशी शेजारच्यांनी डबा दिला. मला घास गिळंना. संध्याकाळी तू नुसता मऊ भात केलीस आन् त्याच्यावर तूप. त्या भातानं मी जगलो. तवा म्हणायचं व्हतं. म्हणलो न्हाई." अप्पांनी नाक ओढलं. "सालं मला पाठ हायेत. कोणत्या साली काय झालं, मीठ कमी का जास्त, सगळं. फक्त वर सादर केलं न्हाई."

भुजंग भिंतीकडं तोंड करून उभा होता. झिराडकर टाचेला टाच लावून, बुटांशिवाय.

एकेक जेवण काढत अप्पा सांगत राहिले. घड्याळात चार वाजले. रस्त्यावरून चाराच्या गाडीचा हॉर्न आला आणि गेला.

सिद्धम्मानं बॅग खाली ठेवली. तिच्यावरच बसली, पदर खोचला.

"एक्याण्णव सालापतूर आलाव," ती म्हणाली. "पुढं चला. लय जेवणं ऱ्हायलीत."